मदत हवी आहे: प्रत्यार्पणाच्या खटल्यात मुलाच्या हिताला किती वजन देतात?

नमस्कार मंडळी,

मूट कोर्टचा (विद्यार्थ्यांच्या सराव-न्यायालयाचा) खटला मिळालाय, इंग्लंडच्या कायद्याखालचा. पोलंडने एका बाईला खटल्यासाठी मागितलंय. फसवणुकीचा आरोप, तोही बारा वर्षांपूर्वीचा. सहा वर्षांचा मुलगा, वडील नाहीत. मी बाईच्या बाजूने.

मला बचाव एकच दिसतो: युरोपीय मानवी हक्क कराराचं कलम ८, कौटुंबिक जीवनाचा हक्क. आधी मी 'अपवादात्मक परिस्थिती' असेल तरच हा बचाव चालतो, असं धरून बसले होते. मग ब्रिटनच्या सर्वोच्च न्यायालयाचा २०१२ चा 'एचएच' निकाल वाचला. त्यात न्यायाधीश लेडी हेल म्हणतात, अपवादात्मकतेची कसोटी नाहीच. पण प्रत्यार्पणातलं सार्वजनिक हित नेहमीच जड, आणि कुटुंबावरचा परिणाम अपवादात्मक तीव्र नसेल तर बहुधा तेच जिंकणार. म्हणजे दारातून हाकललेला शब्द खिडकीतून आत!

त्याच निकालात पोलंडला हवी असलेली पाच मुलांची आई सुटली. तिच्यावरचे आरोप जुने आणि फार गंभीर नव्हते. इटलीला हवं असलेलं जोडपं मात्र हरलं. गांजाच्या तस्करीत शिक्षा झालेली, आणि मुलांचं सगळं बाप बघत होता तरी! (बापापुरतं लेडी हेल यांचं मत वेगळं होतं. मला तेच पटतं, पण ते अल्पमत.)

सेलिन्स्की निकालाप्रमाणे (२०१५) ताळेबंद मांडलाय: प्रत्यार्पणाच्या बाजूचे मुद्दे एका रकान्यात, विरुद्धचे दुसऱ्यात. अडलंय दोन ठिकाणी. बाई केस माहीत असूनही देश सोडून आली. मग बारा वर्षांचा उशीर माझ्या रकान्यात लिहू की नको? आणि मुलाला मावशी आहे. दोन खोल्या, स्वतःची तीन मुलं, तरी कागदावर 'सांभाळणारं कुणीतरी आहे' असंच दिसतं.

जाणकारांनी कृपया सांगावं. परवा सादरीकरण आहे.

---

प्रतिसाद:

ताई, खटला अजून चालायचाय ना? मग बचाव एकच कसा? २००३ च्या प्रत्यार्पण कायद्यात २०१४ साली घातलेलं कलम २१ए बघा. तिथे प्रमाणबद्धता (आरोपाच्या मानाने प्रत्यार्पण जास्त तर होत नाही ना) वेगळी तपासतात: गुन्हा किती गंभीर, शिक्षा किती होईल, प्रत्यार्पणाहून सौम्य मार्ग आहे का.

उशीर लिहाच, पण पळून आल्याचं स्वतःहून कबूल करून. पोलंडने मधल्या काळात काय केलं तेही विचारा. मावशीबद्दल वाद घालत बसू नका. मुलगा तिच्याकडे किती रात्री राहिलाय, एवढंच फाइलमध्ये शोधा.

---

ताई: एकही रात्र नाही! फाइलच्या पान ११ वर आहे, मी दोनदा वाचून पुढे गेले होते.