सॉकेटच्या दोन्ही भोकांत टेस्टर लागतोय, पण लाईट नाही

स्वयंपाकघर_सांगली:
नमस्कार मंडळी. सासरचं जुनं घर आहे. रात्री जोराचा पाऊस झाला आणि सकाळपासून स्वयंपाकघरातली ट्यूब, मिक्सर, फ्रीज सगळं बंद. बाकी घरात लाईट आहे. मिक्सरच्या सॉकेटमध्ये टेस्टर घातला तर उजव्या भोकात पेटतो आणि डाव्यातही पेटतो! वायरमन परवा येतो म्हणाला. सॉकेट मी आधीही बदलले आहेत. एमसीबी पाडला आणि टेस्टर लागला नाही, की हात घालायला हरकत नाही ना?

मिरजवाला:
दोन फेज आले असतील. खांबावर गडबड.

निवृत्त_वायरमन:
दोन फेज आले असते तर दोन भोकांत ४०० व्होल्ट मिळाले असते आणि फ्रीज सकाळीच गेला असता.

ताई, तुमच्या त्या लाइनचा न्यूट्रल, म्हणजे करंट परत जायची वायर, कुठेतरी सुटलाय. फेज फ्रीजच्या मोटरमधून न्यूट्रलच्या वायरीत येतो, पुढे वाट नाही, म्हणून तीही वायर २३० व्होल्टवर बसते. खात्री करायची तर फ्रीजची पिन काढा, ट्यूबचं बटण बंद करा, मग डाव्या भोकात टेस्टर घाला. विझला तर हेच. सॉकेट बदलून काही होणार नाही.

आता टेस्टरचं. त्यात एक निऑन आणि मोठा रेझिस्टर असतो, करंट तुमच्या अंगातून जमिनीत जातो तेव्हा तो पेटतो. कोरड्या प्लॅस्टिकच्या स्टुलावर, रबरी चपला घालून उभ्या असाल तर मिणमिणतो, आणि खिडकीतून ऊन येत असेल तर ते दिसतही नाही. म्हणून पेटला तर फेज आहे असं समजा, पण नाही पेटला म्हणून वायर मेलेली आहे असं कधीही धरू नका. माझ्या हाताखालच्या पोरांना मी हे रोज सांगायचो.

घरात मल्टीमीटर आहे का? एसीवर ६०० किंवा ७५० ची रेंज लावा, लाल प्रोब व्होल्टच्या भोकात आहे ना ते बघा, अँपिअरच्या नाही. आधी हॉलमधल्या चालू सॉकेटवर मीटर तपासा, मग इथे, मग परत हॉलमध्ये. मधेच मीटरचा सेल उतरला तर शून्य दिसतं आणि माणूस फसतो.

स्वयंपाकघर_सांगली:
फ्रीज काढल्यावर डावीकडे विझला! दिराचा मीटर सापडला. फ्रीज परत लावून बघितलं: उजवा-डावा ३ व्होल्ट, उजवा-अर्थ २३२, डावा-अर्थ २२९.

निवृत्त_वायरमन:
तो ३ चा आकडा नीट बघा. फक्त दोन भोकांत मोजून थांबला असता तर "लाईटच नाही" म्हणून कुणीही वायर हातात धरली असती. दोन्ही वायरी जिवंत आहेत. म्हणून कायम तिन्ही जोड्या मोजायच्या. चांगल्या सॉकेटला डावा-अर्थ दोन-चार व्होल्टच येतो. आणि अर्थिंगच तुटलं असेल तर अर्थशी घेतलेल्या आकड्यांवर भरवसा नाही, तुमचं मात्र चांगलं दिसतंय.

बल्ब-होल्डरला दोन वायरी जोडून फेज-अर्थ तपासायची जुनी पद्धत कुणी सांगेल. करू नका. १०० वॅटचा बल्ब ०.४ अँपिअर ओढतो, ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (करंट गळला की लाईन तोडणारा स्विच) लगेच पडेल, आणि आरसीसीबी नसेल तर तेवढा करंट अर्थच्या वायरीत जातो.

इचलकरंजी_सोलर:
ताई, घरात इन्व्हर्टर आहे का? मेन पाडला तरी त्याची लाइन चालूच राहते.

स्वयंपाकघर_सांगली:
आहे. हॉल आणि बेडरूमवर.

निवृत्त_वायरमन:
मग वायरमन आला की मेन पाडा आणि इन्व्हर्टरही त्याच्या बटणावरून बंद करा. साधा सिंगल पोल एमसीबी फक्त फेज तोडतो, न्यूट्रल जोडलेलाच राहतो, म्हणून दोन्ही पोल तोडणारा मेन पाडायचा. पावसात भिजलेला जॉइंट बहुतेक बाहेरच्या भिंतीजवळच्या डबीत असेल, तिथून शोधायला सांगा. तोवर स्वयंपाकघराचा एमसीबी खालीच ठेवा, त्यावर चिकटपट्टी लावा, म्हणजे कुणी नकळत वर करणार नाही. फ्रीज हॉलमधल्या सॉकेटवर हलवा.