रिझोल्यूशन अर्धं केलं तरी व्हीआरमधली थरथर जाईना

धुळीचा_डबा:
मंडळी, माझा संसार असा: आय५-४५९० प्रोसेसर, डीडीआर३ रॅम ८ जीबी (एकच पट्टी), जीटीएक्स १०६० चं ६ जीबीवालं ग्राफिक्स कार्ड. व्हीआरचा (आभासी जग दाखवणारा) हेडसेट क्वेस्ट २, केबलने जोडलेला, ९० हर्ट्झवर (सेकंदाला ९० चित्रं). बीट सेबर हा गेम लोण्यासारखा चालतो. हाफ-लाइफ: अ‍ॅलिक्स हा गेम लावला की मात्र मान वळवताना भिंती थरथरतात, स्वतःचे हात पाण्यात बुडवल्यासारखे हलतात आणि वीस मिनिटांत पोटात ढवळायला लागतं. काल स्टीमव्हीआरमध्ये (पीसीवर व्हीआर गेम चालवणारं सॉफ्टवेअर) रिझोल्यूशन १०० टक्क्यांवरून ८० केलं, मग ६०, शेवटी ५०. पाट्यांवरची अक्षरं वाचता येईनात, थरथर जशीच्या तशी! मित्र म्हणतो, कार्ड बदल. त्याआधी काही करण्यासारखं आहे का?

फ्रेम_मोजणी:
कार्डाला हात लावू नका. उत्तर तुमच्या प्रश्नातच आहे. रिझोल्यूशन उतरवलं की ओझं हलकं होतं ते कार्डाचं. प्रोसेसरला दर फ्रेमला (म्हणजे दर चित्राला) तेवढंच राबावं लागतं. म्हणजे सध्या आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी.

एफपीएस (सेकंदाला किती फ्रेम) विसरा, मिलिसेकंद बघा. ९० हर्ट्झवर एका फ्रेमला ११.१ मिलिसेकंद मिळतात, त्यात प्रोसेसर आणि कार्ड दोघांनी आपापलं काम उरकायचं. स्टीमव्हीआरच्या सेटिंगमध्ये परफॉर्मन्सचा आलेख आहे, तिथे दोघांचे वेळ वेगवेगळे दिसतात. जो ११.१ ची रेघ ओलांडतोय तो तुमचा चोर. वेळ सतत चुकायला लागली की सॉफ्टवेअर गेमला ४५ वर बसवतं आणि मधली एकेक फ्रेम अंदाजाने रंगवून भरतं. पाण्यातले हात म्हणजे तोच अंदाज.

धुळीचा_डबा:
पाहिलं. प्रोसेसर १३ ते १४, मारामारीत १६. कार्ड ७ च्या आसपास निवांत! बिचाऱ्यावर उगाच आळ घेतला.

फ्रेम_मोजणी:
मग हेडसेट ७२ हर्ट्झवर आणा. फ्रेमला १३.९ मिलिसेकंद मिळतील, म्हणजे काठावर का होईना बसाल. ब्राउझर बंद, हेडसेटमधलं चित्र मॉनिटरवर दाखवणारी आरसा खिडकी बंद, विंडोजचा पॉवर प्लॅन हाय परफॉर्मन्सवर. आणि रिझोल्यूशन पुन्हा वर न्या, धूसर बघण्यात काही पुण्य नाही.

काचेपलीकडे:
रिझोल्यूशन वाढवताना एक खोच लक्षात ठेवा. स्टीमव्हीआरमधले टक्के एकूण पिक्सेलचे असतात, तर क्वेस्टच्या ऑक्युलस डीबग टूलमधला आकडा लांबी-रुंदीचा. तिथे ०.७ लिहिलंत तर पिक्सेल उरतात ०.७ × ०.७ = ०.४९, म्हणजे निम्मेच. दोन्हीकडे कमी केलंत तर गुणाकार होतो, आणि मग लोक लेन्स पुसत बसतात. (मीही आठवडाभर पुसली आहे.)

कडेचा भाग कमी बारकाईने रंगवणारी फोव्हिएटेड रेंडरिंगची टूल्स बरेच जण सुचवतील. त्यातली बरीच ज्या व्हेरिएबल रेट शेडिंगवर (चित्राच्या भागागणिक बारकावा कमी-जास्त करण्याची कार्डातली सोय) चालतात, ते १०६० च्या पिढीत नाहीच. त्यात वेळ घालवू नका. शिवाय तुमचं कार्ड अडलेलंच नाही.

धुळीचा_डबा:
७२ वर हात हातासारखे दिसतायत! पण आता दुसरंच लक्षात आलं. दार उघडून नव्या भागात शिरलो की अर्धा सेकंद सगळं गोठतं. हे आधीही होत असावं, थरथरीत कळलं नाही.

जुनं_ते_सोनं:
सतत थरथर वेगळी आणि मधूनच गोठणं वेगळं. दुसरं बहुतेक रॅमचं. अ‍ॅलिक्सची किमान अपेक्षाच १२ जीबी आहे (आणि प्रोसेसर आय५-७५००, तेव्हा तुम्ही तसेही उधारीवर खेळताय). ८ जीबी भरली की विंडोज डिस्कवर सामान टाकत सुटतं. त्याच वेगाची दुसरी पट्टी योग्य खाचेत लावा, म्हणजे रॅम दोन चॅनेलवर (दोन वाटांनी) चालेल आणि प्रोसेसरला माल लवकर मिळेल. झाकण उघडलंच आहे तर पंख्यातली धूळ काढा आणि खेळताना प्रोसेसरचं तापमान बघा. १०० अंशांजवळ जात असेल तर तो जीव वाचवायला स्वतःच वेग कमी करतो, मग सेटिंगं कितीही फिरवा.

धुळीचा_डबा:
भावाच्या बंद पडलेल्या पीसीतून तसलीच पट्टी मिळाली. झाकण उघडलं तर पंख्यावर अक्षरशः नमदा बसलेला, आणि प्रोसेसरवरची उष्णता वाहून नेणारी पेस्ट वाळून खडूसारखी झालेली. नवी लावली. खेळताना तापमान ९६ वर जायचं, आता ७० च्या आत. प्रोसेसरचा वेळ ११ ते १२ वर आला, दारांपाशी गोठणं गेलं. रिझोल्यूशन ९० टक्के ठेवलंय, पाट्या वाचता येतात. शत्रू एकदम पाच-सहा आले की अजून थरथरतं, तेवढं चालवून घेतो. काल सव्वा तास खेळलो, पोट शांत.

कार्ड बदल म्हणणाऱ्या मित्राला अजून काही सांगितलेलं नाही. त्याला आधी खेळायला बसवणार आहे.