‘परतावा’ म्हटलं की बायका धसकतात: दुसरा शब्द सुचवा

जांबोटीवाली
कर्नाटकातल्या खानापूर तालुक्यात बालवाड्या आणि आयांचे गट चालवणाऱ्या एका संस्थेला मी मराठी पत्रकं लिहून देते. या खेपेचा विषय ‘सोशल रिटर्न ऑन इन्व्हेस्टमेंट’. लहान मुलांवर आणि त्यांच्या घरच्यांना आधार देण्यावर केलेला खर्च समाजाला काय मिळवून देतो, याचा हिशेब. मी ‘गुंतवणुकीचा सामाजिक परतावा’ असं लिहिलं. पालकसभेत वाचून दाखवलं तर एक आजी म्हणाल्या, “म्हंजे गृहलक्ष्मीचे दोन हजार परत द्याचे काय ओ बाई?” (गृहलक्ष्मी म्हणजे राज्य सरकार घरच्या बाईला महिन्याला पैसे देतं ती योजना.) झालं, पुढचं कुणी ऐकलंच नाही. शब्द सुचवा.

निपाणीकर मास्तर
आजी बरोबर आहेत. आयकराचा परतावा म्हणजे आपलेच जादा भरलेले पैसे परत. या शब्दात परत येणं आहे, वाढून येणं नाही. नफ्याचा अर्थ म्युच्युअल फंडाच्या जाहिरातींनी चिकटवला. ‘प्रतिफळ’ लिहा. कन्नडमध्ये ‘प्रतिफल’ आहेच, सभेतल्या कन्नड बायकांनाही कळेल.

टिळकवाडी
सरकारी नियमानं दुकानाच्या पाटीवर साठ टक्के कन्नड आलंय, आता पत्रकातही आपण होऊन आणायचं? मराठीत ‘लाभ’ आहे की.

निपाणीकर मास्तर
प्रतिफल संस्कृत आहे, टिळकवाडी. आणि लाभही कन्नडात जसाच्या तसा आहे. आता काय, तोही सोडायचा?

संकेश्वर ऊस
एवढा खल कशाला? ‘उतारा’ म्हणा. कारखान्यात साखर उतारा दहा टक्के म्हणजे शंभर किलो उसातून दहा किलो साखर. किती घातलं, किती निघालं. शेतकऱ्याच्या पोराबाळांना वेगळं समजवावं लागणार नाही.

शहापूरची काकी
अरे बाबा, आजारी पोरावरून भाताचा गोळा ओवाळून तिठ्यावर टाकतात त्याला आमच्यात उतारा म्हणतात. बालवाडीच्या पत्रकावर तो शब्द? आणि तलाठ्याकडचा उतारा वेगळाच. बायका जमिनीचे कागद घेऊन येतील सभेला.

हिशेबनीस
शब्द ठरवण्याआधी वस्तू बघा. ही मोजणीची पद्धत गेल्या शतकाच्या शेवटच्या दशकात सॅन फ्रान्सिस्कोच्या आरईडीएफ या संस्थेनं पुढं आणली. लहान मुलांच्या बाबतीत दाखला देतात तो पेरी प्रीस्कूलचा. अमेरिकेत मिशिगनमधलं इप्सिलँटी, १९६२ ते १९६७. गरीब घरांतली १२३ काळी मुलं. चिठ्ठ्या टाकल्यासारखी दोन गटांत वाटली. ५८ जणांना बालवाडी मिळाली, शिवाय शिक्षिका दर आठवड्याला घरी जाऊन आईशी बसायची. उरलेल्या ६५ जणांना यातलं काही नाही. पुढं दोन्ही गटांचा चाळिशीपर्यंत माग ठेवला. जेम्स हेकमन या नोबेलवाल्या अर्थतज्ज्ञानं सहकाऱ्यांबरोबर २०१० मध्ये हिशेब मांडला तो घातलेल्या पैशावर वर्षाला ७ ते १० टक्के फायद्याचा.
पण यातला मोठा वाटा कशाचा? गुन्हे कमी झाल्याचा. म्हणजे तुरुंग, पोलीस, चोरी झालेल्या माणसाचं नुकसान, हे वाचलं. पैसे घातले एकानं, वाचले भलत्याचेच, तेही वीस-तीस वर्षांनी. त्यामुळं ‘परतावा’ हा शब्द आजीला भिववतो म्हणून नव्हे, तर मुळातच खोटा आहे. घालणाऱ्याकडं काही परतत नाही.

जांबोटीवाली
हे पटलं. मग ‘कुणाला’ ते शब्दातच यायला हवं.

शहापूरची काकी
‘समाजाच्या पदरात काय पडतं’ असं सरळ लिही ग. पदर सगळ्यांना कळतो.

टिळकवाडी
अहवालाच्या मथळ्यावर ‘पदर’? देणगीदार हसतील.

शहापूरची काकी
देणगीदार इंग्रजीतला वाचतात. मराठी कुणासाठी आहे ते विचार आधी.

हिशेबनीस
काकींच्या बाजूनं एक. या हिशेबात, कार्यक्रम नसता तरी जे झालंच असतं ते वजा करावं लागतं. पोरगं मामाकडं राहून शिकलं असतंच, तर ते श्रेय आपलं नाही. बरेच अहवाल इथंच पाणी घालतात आणि रुपयाला अमुक रुपये असा आकडा छापतात. ‘पदरात पडलं’ म्हटलं की कुणी तरी विचारतंच, कुणामुळं पडलं? परताव्याला हा प्रश्न कुणी विचारत नाही.

संकेश्वर ऊस
‘गुंतवणूक’ पण काढा. आमच्यात ‘पैसे गुंतले’ म्हणजे बुडीत खात्यात गेल्यासारखे. त्यापेक्षा ‘भांडवल घालणे’.

निपाणीकर मास्तर
भांडवल आणि कन्नड बंडवाळ, एकच घराणं. कुणी कुणाकडून घेतला यावर भांडू नका, व्यापारी पेठेतले शब्द आहेत, गाडीबरोबर फिरतात.

टिळकवाडी
सगळं दोघांचंच, असं म्हणत म्हणत एक दिवस आपलं काहीच उरत नाही, मास्तर.

निपाणीकर मास्तर
उलटंही बघा. अंगणवाडी हा शब्द बालशिक्षणवाल्या ताराबाई मोडकांच्या बोर्डीच्या कामातून आला. २ ऑक्टोबर १९७५ ला सुरू झालेल्या बालविकास योजनेनं तो देशभर नेला. कर्नाटकात दंत्य न घालून ‘अंगनवाडी’ लिहितात, म्हणून तिकडच्या कुणी ‘मराठी शब्द नको’ म्हणून पाटी उतरवली नाही.

जांबोटीवाली
मास्तर, त्यावरून आठवलं. रोजगार हमीवर जाणाऱ्या आयांच्या मुलांसाठी ग्रामपंचायतीत ‘कूसिन मने’ नावाची पाळणाघरं काढतात. २०२३ च्या राज्याच्या अर्थसंकल्पात ४,००० पंचायतींत करू म्हणाले होते. आमच्या बायका त्याला ‘कुशीचं घर’ म्हणतात. शब्द एकच का?

निपाणीकर मास्तर
नाही. कन्नड कूसु म्हणजे तान्हं बाळ, द्राविडी शब्द. आपली कूस संस्कृत कुक्षीवरून. आवाज जुळला, एवढंच.

शहापूरची काकी
एवढंच काय? बाळ आणि कूस, आणि म्हणे संबंध नाही! माझ्या सासूबाई अथणीच्या, त्या तर दोन्ही अर्थांनी बोलायच्या.

टिळकवाडी
पहिल्यांदाच काकींशी सहमत.

हिशेबनीस
पत्रकाचं काय ठरलं मग?

संकेश्वर ऊस
थांबा, गावकूस राहिलं. गावकुसाबाहेर म्हणतो त्यातलं कूस बाळाचं की कुक्षीचं?

निपाणीकर मास्तर
दोन्हींचं नाही. त्याला वेगळा धागा काढा, मी सावकाश लिहितो.