सर्व्हर मर्ज झाला, कॅरेक्टर शाबूत आहे, फक्त नाव गेलं. तरी एवढं का लागतंय?

झोपाळू_हीलर

नमस्कार मंडळी, इतकी वर्षं वाचनमात्र होते, आज पहिल्यांदा धागा काढतेय, सांभाळून घ्या.

मी एक ऑनलाइन रोलप्लेइंग गेम अकरा वर्षं खेळतेय, मध्ये मध्ये गॅप पडलेत पण कॅरेक्टर एकच, हीलर, म्हणजे लढाईत बाकीच्यांना बरं करणारी, नाव केया. बाकी दोन-तीन बनवून बघितली, चार दिवसांत कंटाळा आला, परत केयाच. आता झालं असं की नवीन नोकरीमुळे सात महिने लॉगिनच केलं नव्हतं आणि तेवढ्यात आमचा सर्व्हर दुसऱ्या मोठ्या सर्व्हरमध्ये मर्ज केला. तिकडे आधीच एक केया होती. नियम असा की दोघांपैकी जो अलीकडे लॉगिन झाला असेल त्याला नाव, दुसऱ्याने नवीन निवडायचं. ईमेल आला होता म्हणे, तो प्रमोशनच्या ढिगाऱ्यात सापडला, पंधरा दिवसांची मुदत संपून गेल्यावर.

परवा लॉगिन केलं तर सिलेक्ट स्क्रीनवर तीच उभी, तोच निळा झगा, तीच एका पायावर भार देऊन उभं राहायची सवय, आणि खाली नाव काय तर केया आणि पुढे पाच आकडे. वर एक चौकोन, कृपया नवीन नाव टाका. तो चौकोन भरल्याशिवाय आत जाताच येत नाही.

सगळं जागच्या जागी आहे हो. लेव्हल, गिअर (हत्यारं-कपडे), घोडा, बँकेतलं सोनं, बॅगेतली ती बाराव्या लेव्हलची लाकडी काठी सुद्धा, जिचा काडीचा उपयोग नाही आणि जी अकरा वर्षं एक खाना अडवून बसलीय. नवरा म्हणाला, मग दुसरं नाव ठेव की, फुकट आहे ना? फुकट आहे. तरी दोन रात्री तो चौकोन उघडते, बघते आणि बंद करते. डोळ्यात पाणी वगैरे आलं म्हटलं तर लोक हसतील, पण आलं.

मला हे विचारायचंय की आपण नक्की कशात अडकलेलो असतो? चेहऱ्यात, गिअरमध्ये, घालवलेल्या तासांमध्ये? कारण त्यातलं काहीच गेलेलं नाहीये. तुमच्यापैकी कुणाचं असं झालंय का?

खवचट_काका

ताई, दिवे घेऊन वाचा. कॅरेक्टर म्हणजे डेटाबेसमधली एक ओळ, त्या ओळीतला एक रकाना बदलला, त्यासाठी दोन रात्री? उद्या पासवर्ड बदलायला सांगितला तर सुतक पाळणार का?

बाकी माझा एक चोर आहे, त्याला अठरा वर्षांत मी एकदाही केस कापू दिलेले नाहीत आणि बायकोने गंमत म्हणून एकदा सलूनमध्ये नेऊन टक्कल केलं तेव्हा मी दिवसभर तिच्याशी बोललो नव्हतो, पण तो भाग वेगळा.

पॅचनोट्स

काका म्हणतात ते तांत्रिकदृष्ट्या बरोबरच आहे, मी थोडं सविस्तर सांगतो कारण त्यात एक गंमत आहे. बहुतेक गेममध्ये सर्व्हर तुमच्या कॅरेक्टरला नावाने ओळखतच नाही, एक लांबलचक आयडी नंबर असतो, तो कॅरेक्टर बनवलं त्या क्षणी पडतो आणि नाव बदला, लिंग बदला, चेहरा बदला, तो तसाच राहतो. गिअर, अचीव्हमेंट्स, फ्रेंडलिस्ट हे सगळं सहसा त्या नंबरला बांधलेलं असतं, म्हणून नाव बदललं तरी काही हरवत नाही.

पण जिथे कुणीतरी हाताने नाव टाइप केलंय तिथे आयडी नसतो, तो नुसता मजकूर असतो. म्हणजे गेममधल्या पोस्टात कुणी 'प्रिय केया' असं लिहून पत्र पाठवलं असेल तर वर पाठवलं-कुणाला मध्ये नवीन नाव दिसेल आणि आत मायना जुनाच. ताई, मेलबॉक्समध्ये जुनी पत्रं असतील तर आधी स्क्रीनशॉट काढून ठेवा, बऱ्याच गेममध्ये पत्रं ठरावीक दिवसांनी आपोआप उडतात.

तिसरा_मजला

हसण्यासारखं काही नाहीये ह्यात, ह्यावर रीतसर संशोधन झालंय. २००८ साली लुईस, वेबर आणि बोमन ह्या तिघांनी कॅरेक्टर अटॅचमेंट मोजायची एक पट्टीच बनवली, त्यात त्यांनी चार गोष्टी धरल्या होत्या, कॅरेक्टर म्हणजे मीच किंवा माझा मित्र वाटणं, त्या जगावरचा अविश्वास बाजूला ठेवता येणं, ते आपल्या ताब्यात आहे ही भावना आणि चौथी म्हणजे त्याची जबाबदारी आपल्यावर आहे असं वाटणं. मला ही चौथी फार पटते. ताईंनी सात महिने लॉगिन केलं नाही आणि तेवढ्यात नाव गेलं, ह्यात दुःखापेक्षा अपराधीपणाच जास्त असणार, मी नव्हते म्हणून तिचं नाव गेलं, असं.

नंतर जेमी बँक्स ह्या संशोधक बाईंनी खेळाडू आणि अवतार ह्यांच्या नात्याचे चार प्रकार मांडले. काहींना ते निव्वळ हत्यार असतं, काहींना ते म्हणजे मीच, काहींना अर्धं मी अर्धं ते, आणि काहींना ते चक्क वेगळं माणूस वाटतं, ज्याची स्वतःची मतं असतात. ताई, तुम्ही 'तिचं' म्हणता की 'माझं' म्हणता ते एकदा बघा. पहिल्याच पोस्टमध्ये तुम्ही 'तीच उभी' असं लिहिलंय.

खवचट_काका

म्हणजे माझ्या चोराशी माझं नातं कुठलं, वडील-मुलगा हा प्रकार आहे का त्यात?

जुनं_खोड

ताई, तुमचं फक्त नाव गेलं. मी जे बघितलंय त्यापुढे हे काहीच नाही असं म्हणणार होतो पण लिहिता लिहिता विचार बदलला.

स्टार वॉर्स गॅलेक्सीज खेळायचो, २००३ ला आलेला. त्यात तीसच्या वर प्रोफेशन्स होती, लढायचंच असं काही नव्हतं, लोक न्हावी होते, वादक होते, शिंपी होते, कँटीनात नाचून दुसऱ्यांचा शीण घालवणं हे एक अख्खं करिअर होतं. नोव्हेंबर २००५ मध्ये एक अपडेट आला आणि प्रोफेशन्स उरली नऊ. मी जनावरं पाळायचो, क्रीचर हँडलर, ते प्रोफेशनच गेलं. कॅरेक्टर होतं, नाव होतं, चेहरा होता, पण त्याला जे येत होतं ते येईनासं झालं. आपला माणूस घरात आहे पण तो आपल्याला ओळखत नाहीये, तसं काहीतरी. १५ डिसेंबर २०११ ला गेमच बंद झाला तोपर्यंत मी केव्हाच सोडून गेलो होतो. रडू २००५ ला आलं होतं.

उलटं उदाहरण सिटी ऑफ हीरोज. ३० नोव्हेंबर २०१२ ला सर्व्हर बंद केले, त्याआधी शेकडो लोक गेममधल्या ॲटलस पार्कमध्ये मशाली घेऊन उभे राहिले होते (कॅरेक्टरला मशाल धरायला लावायची सोय होती त्यात). पुढे २०१९ मध्ये फॅन लोकांचे सर्व्हर उघडपणे सुरू झाले आणि २०२४ च्या जानेवारीत त्यातल्या एकाला मूळ कंपनीने रीतसर लायसन दिलं. जुने हीरो काही आपोआप परत आले नाहीत, लोकांनी जुने स्क्रीनशॉट शेजारी ठेवून तोच मुखवटा, तीच केप, त्याच रंगाचे बूट असं परत बनवलं. आणि पहिल्या दिवशी काय झालं माहितीये, नाव पकडायला धावाधाव! चेहरा कितीही वेळा बनवता येतो, नाव एकालाच मिळतं. म्हणून म्हटलं विचार बदलला.

मेलो_परत

मी हार्डकोर खेळतो, म्हणजे एकदा मेलं की मेलं, त्यामुळे मला वाटायचं मी ह्या सगळ्याच्या पलीकडे आहे. वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्टने २०२३ च्या ऑगस्टमध्ये असे अधिकृत सर्व्हर काढले तेव्हापासून माझी नऊ गेलीत. आठांचं काही वाटलं नाही. नववं ४३ लेव्हलला, पुलाखाली मित्र काय करतोय ते बघायला कडेला गेलो आणि अंदाज चुकला, राक्षसाने नाही मारलं हो, गुरुत्वाकर्षणाने मारलं. त्याच्यानंतर तीन आठवडे गेम उघडला नाही.

आठांत आणि नवव्यात काय फरक होता ते मला इथे वाचताना कळतंय. नवव्याच्या वेळी कुणीतरी बरोबर होतं.

सशाचे_कान

चेहऱ्याचं पण असतं बरं का. फायनल फँटसी १४ चा २०२४ चा ग्राफिक्स अपडेट आठवा, आधी बेंचमार्क आला, त्यात आपलं कॅरेक्टर नवीन ग्राफिक्समध्ये कसं दिसणार ते बघता येत होतं आणि लोक नुसते कोलमडले, डोळ्यातली चमक गेली, ओठ वेगळेच दिसतात, ही माझी नाहीच. शेवटी सुधारून दुसरा बेंचमार्क काढावा लागला. बाहेरच्या माणसाला दोन्ही फोटो शेजारी दाखवले असते तर नवीनच जास्त छान म्हणाला असता. मी माझ्या बहिणीला दाखवले तर ती म्हणाली, ह्यात फरक काय आहे?

बाण_आणि_भाता

मी टँक आहे, म्हणजे पुढे उभा राहून मार खाणारा आणि हीलरच्या जिवावर जगणारा प्राणी, तर माझे दोन पैसे.

चेहरा चेहरा काय करताय? कॅमेरा मागे असतो, वर्षानुवर्षं आपण आपल्या कॅरेक्टरची पाठ बघतो. माझ्या योद्ध्याचा चेहरा मला धड आठवत नाही, शिरस्त्राण कसलं आहे ते आठवतं. आणि समोरचे तरी कुठे चेहरा बघतात, रेडमध्ये, म्हणजे मोठ्या गटाने बॉसशी लढताना, पंचवीस लोक असतात, बॉसच्या पायाखाली आग, स्क्रीनवर आकड्यांचा पाऊस, तुमच्या हीलरला तर समोर दिसतात ते चौकोन, प्रत्येक चौकोनात एक हिरवी पट्टी आणि एक नाव. बस. आपण एकमेकांना नावच असतो तिथे.

आमच्या जुन्या गिल्डमध्ये (कायम एकत्र खेळणाऱ्यांचा संघ) एक हीलर होता, त्याचं खरं नाव मला सहा वर्षांत कळलं नाही, विचारावंसंही वाटलं नाही. पण व्हॉइस चॅटवर रात्री साडेबाराला बॉसचे दोन टक्के उरलेत आणि माझी पट्टी लाल झालीय तेव्हा मी त्याच्या नावाने जी हाक मारायचो तशी मी सख्ख्या भावाला मारली नसेल. आणि हाक संपायच्या आत पट्टी हिरवी व्हायची. तो गिल्ड सोडून गेल्यावर नवीन हीलर आला, ह्याच्यापेक्षा चांगला होता खरं तर, पण मी महिनाभर जुन्याच नावाने ओरडत होतो आणि तो बिचारा ऐकून घ्यायचा.

केया हे दोन अक्षरी नाव आहे. असलं नाव ओरडायला फार सोपं असतं. तुम्हाला किती जणांनी किती वेळा त्या नावाने हाक मारली असेल ते मोजा आणि मग नवऱ्याला सांगा दुसरं ठेव म्हणून.

पॅचनोट्स

+१. वर मी आयडीचं एवढं पुराण लावलं पण आयडीला हाक मारता येत नाही हे लक्षात आलं नाही.

खवचट_काका

भातावाले, चांगलं लिहिलंत. आता अवांतर, ताई, त्या दुसऱ्या केयाला विचारून बघितलं का? देतात कधी कधी लोक. थोडं सोनं वगैरे पुढे करून.

झोपाळू_हीलर

सगळ्यांचे आभार, प्रत्येकाला वेगळं लिहित नाही. तिसरा मजला, अपराधीपणाचं अगदी वर्मावर बोट ठेवलंत. आणि बाण, तुमचा प्रतिसाद मी नवऱ्याला वाचून दाखवला, तो काही बोलला नाही पण नंतर म्हणाला, तू रात्री हेडफोन लावून बसायचीस तेव्हा आतून सारखं केया केया ऐकू यायचं, मला वाटायचं कुणाची तरी मुलगी आहे.

पॅचनोट्स, पत्रं होती. एकच खरं तर, बाकी ऑक्शनच्या पावत्या. ज्या मुलीने मला ती काठी दिली होती तिचं, २०१७ चं, तिने सोबत पाच ताम्र नाणी जोडली होती, ती मी कधी काढून घेतली नव्हती म्हणून पत्र उडालं नसावं किंवा आमच्या गेममध्ये उडतच नसतील. मायना केयाच आहे. स्क्रीनशॉट काढला.

काका, विचारलं. आधी एक तात्पुरतं नाव टाकून आत शिरले, शोधलं तर दुसरी केया ऑनलाइनच होती, लेव्हल नऊ! ऑक्शन हाऊसच्या पायरीवर उभी, फाटका पांढरा सदरा, म्हणजे कुणाचं तरी मालाचं गोदाम, वस्तू विकायला उभं केलेलं. माझं तर डोकंच फिरलं, अकरा वर्षं आणि हिला हे नाव कशाला, दिवसातून दोनदा बाटल्या विकायला लॉगिन होते म्हणून हिची जीत! मी लांबलचक मेसेज लिहिला, सोनं देऊ केलं, बरंच देऊ केलं, घोडा घेता येईल इतकं.

दोन दिवसांनी उत्तर आलं. मुलगा आहे की मुलगी माहीत नाही. लिहिलं होतं, माफ करा, सोनं नको, मला माहितीये ती नऊ लेव्हलची आहे पण ती माझी पहिली आहे, मला खेळता येत नव्हतं तेव्हा आठवडाभर हिच्यासोबत त्या पहिल्या गावातच फिरत होतो, रस्ता सापडत नव्हता, मग मोठं कॅरेक्टर दुसरं केलं पण हिला डिलीट करवेना म्हणून दुकानावर बसवली.

ह्यावर मी काय बोलणार? बरं म्हटलं.

मी आता केयाच्या आधी एक अक्षर लावलंय, कुठलं ते सांगत नाही, हसाल. जुन्या गिल्डचे चौघे अजून आहेत, ते पहिलं अक्षर गिळूनच हाक मारतात. आणि काल रेडच्या आधी मॅना पोशनच्या वीस बाटल्या घ्यायच्या होत्या, ऑक्शनची यादी उघडली, सगळ्यात स्वस्त बाटल्या होत्या त्यावर विक्रेता म्हणून नाव होतं केया. घेतल्या.