मदत हवी आहे: ईईजीमधला थकवा आणि वय वेगळं कसं करायचं?

20 ते 30 आणि 55 ते 65 अशा दोन वयोगटांतल्या कामगारांचा मानसिक थकवा ईईजीवरून (डोक्यावर इलेक्ट्रोड लावून घेतलेली मेंदूच्या विद्युत लहरींची नोंद) मोजतोय. सलग तासभर टू-बॅक चाचणी (समोरचं चिन्ह दोन पायऱ्यांपूर्वी आलेल्या चिन्हासारखंच आहे का, हे ओळखायचं), तिच्या आधी आणि नंतर विश्रांतीची नोंद, शिवाय प्रत्येकाने स्वतः दिलेले थकव्याचे गुण.

तरुणांमध्ये चित्र स्वच्छ आहे. वेळ जाईल तसा डोक्याच्या पुढच्या भागातला थीटा (4 ते 8 हर्ट्झच्या संथ लहरी) वाढतो, प्रतिसाद मंदावतो. ज्येष्ठांमध्ये मात्र घोळ होतो. वयानुसार अल्फाचं (साधारण 8 ते 12 हर्ट्झच्या लहरी) शिखर, म्हणजे त्यांचा जोर सर्वाधिक असतो ती वारंवारता, खाली सरकतं. एका सहभागीचं 8.2 हर्ट्झवर आहे, म्हणजे त्याचा बराचसा अल्फा थीटाच्या पट्ट्यातच मोजला जातोय! वाढ दिसली तरी ती नेमकी कशाची, सांगता येत नाही.

पापण्यांच्या उघडझापीचे झटके आयसीएने (मिसळलेले संकेत वेगळे करणारी गणिती पद्धत) काढलेत. पट्टे प्रत्येकाच्या अल्फा शिखरानुसार ठरवले, सुरुवातीच्या नोंदीशी गुणोत्तरही घेतलं. थोडा फरक पडला. पण वर्णपटाचा पार्श्वभूमीचा उतारही (वारंवारता वाढते तशी लहरींची शक्ती किती झपाट्याने घटते ते) वयाबरोबर सपाट होतो आणि गुणोत्तरात तो मिसळतोच, ही माझी खरी शंका.

झोप आणि कॉफीची नोंद आहे, चाचणीची वेळ सगळ्यांना सकाळचीच. इलेक्ट्रोड फक्त आठ, त्यामुळे मेंदूतला उगम शोधणं शक्य नाही. एफएमआरआयही (मेंदूतल्या रक्तप्रवाहाचे बदल दाखवणारं स्कॅन) नाही.

ज्यांनी दोन वयोगटांवर असं काम केलंय त्यांना विचारायचंय: हा उतार आधी वजा करून मग थीटा मोजावा, की थीटा सोडून पी-300 ला (चिन्ह दिसल्यावर साधारण 300 मिलिसेकंदांनी येणारी मेंदूची लहर) लागणारा वेळ चाचणीदरम्यान किती वाढतो त्यावर भर द्यावा?