गिझर आणि एसीच्या पॉइंटला कितीची वायर घालावी?

प्रश्न :
गिरगावातील आमच्या जुन्या घराचे वायरिंग आम्ही नव्याने करून घेत आहोत. २ किलोवॉटचा गिझर आणि दीड टनाचा एसी या दोन्हींना ‘तीन-बावीस’ पुरेल असे वायरमन म्हणतो, तर लोहार चाळीतल्या दुकानदाराने अडीचची आणि चारची (चौरस मिलिमीटर) अशी वायरची दोन बंडले पुढे ठेवली. कोणाचे ऐकावे?

उत्तर १ :
‘तीन-बावीस’ ही जुन्या मापाची भाषा आहे. २२ गेजच्या तीन तारा एकत्र पिळलेल्या, आणि अशा एका तारेचा व्यास ०.७१ मिलिमीटर असल्याने तिन्हींचे मिळून क्षेत्रफळ जेमतेम १.२ चौरस मिलिमीटर भरते. दिवे-पंख्यांपुरती ती ठीक आहे. २३० व्होल्टला तुमचा गिझर पावणेनऊ अँपिअरच्या आसपास घेईल, परंतु १६ अँपिअरच्या सॉकेटला उद्या कोणी ३ किलोवॉटचा गिझर लावला, तर तोच आकडा १३ वर जातो; म्हणून वायर आजच्या उपकरणाकडे पाहून नव्हे, तर सॉकेटच्या क्षमतेकडे पाहून घ्यावी. गिझरला तांब्याची अडीचची घ्या. एसीचेही अडीचवर भागते, तरी भिंत एकदाच फोडायची असल्याने मी चारची घालीन. दोन्हींच्या लाइन मात्र वितरणपेटीपासून स्वतंत्र हव्यात.

उत्तर २ :
वरील उत्तरास एक जोड. एमसीबी, म्हणजे प्रवाह प्रमाणाबाहेर वाढल्यास आपोआप पडून तो तोडणारा स्विच, हा मुख्यतः वायरीच्या रक्षणासाठी असतो, त्यामुळे अडीचच्या वायरीला १६ अँपिअरचा एमसीबी बसवल्यावर तो वारंवार पडतो म्हणून कोणी ३२चा बसवू लागला, तर त्याला तिथेच थांबवावे. आमच्या घरी पूर्वीच्या कारागिराने नेमके हेच केले होते. एके दिवशी सॉकेट उघडला तेव्हा मागचा स्क्रू सैल होता आणि तारेवरचे आवरण तपकिरी होऊन हाताने सुटत होते, पण एमसीबी शांत! शिवाय जुन्या घरांत अनेकदा फेज आणि न्यूट्रल एवढ्याच तारा आलेल्या असतात. हिरवी अर्थिंगची तार आहे का, हे गिझर बसवण्याआधी पाहा.

प्रश्नकर्ता :
आभारी आहे. अर्थिंग खरोखरच नाही, तेही करून घेतो. एसीचे अंतर अवघे ११ मीटर आहे. त्यासाठी प्रत्येक रंगाचे ९० मीटरचे बंडल घ्यावे लागेल का?

उत्तर १ :
नाही, अनेक दुकानांत मीटरवर सुटी वायर मिळते. कापण्यापूर्वी आवरणावर छापलेले माप आणि ‘आयएस ६९४’ (अशा वायरींसाठीचे भारतीय मानक) ही अक्षरे स्वतः वाचून घ्या.