लिपिडचे कण लशीच्या आधीपासून आहेत
लिपिडच्या (स्निग्ध पदार्थाच्या) अतिसूक्ष्म नॅनोकणांतून औषध देणं कोविडच्या लशीपासून सुरू झालं, हे म्हणणं पटलं नाही. लिपोसोमल अँफोटेरिसिनला, म्हणजे लिपिडच्या कणांत भरलेल्या बुरशीवरच्या औषधाला, अमेरिकेत १९९७ मध्येच मान्यता मिळाली होती. २०२१ मध्ये काकांना म्युकर (काळी बुरशी) झाला, तेव्हा एकेका कुपीसाठी आम्ही सदाशिव पेठेपासून पिंपरीपर्यंत दुकानं पालथी घातली. साध्या अँफोटेरिसिनने मूत्रपिंडांना फार इजा होते, आणि काकांचं क्रिएटिनिन, म्हणजे मूत्रपिंडं नीट चालत नसल्याची रक्तातली खूण, आधीच वाढलेलं.

सिस्टरांनी कुपीतल्या पिवळ्या पावडरीत पाणी घालून कुपी जोरजोरात हलवली आणि औषध डेक्स्ट्रोजच्या (साखरेच्या) द्रावणात मिसळलं. सलाइनमध्ये ते चालत नाही, मिठाने साका बसतो. लिपिडच्या रेणूला डोकं आणि शेपट्या असतात; पाण्याला बिचकणाऱ्या शेपट्या एकमेकींकडे तोंड करून आत, डोकी पाण्याकडे, असे ते रेणू आपले आपणच जुळून कणाचा पडदा होतो आणि औषध त्यातच धरलं जातं. काकांचा डोळा वाचला.